एक आठवडा मार्गारेट बूथ यांच्या नावानं: फिल्म सोसायट्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या फिल्म सोसायट्यांच्या कार्यकारिणींना आणि महोत्सवांसाठी सिनेमे निवडणाऱ्या मंडळींना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात एका सोसायटीनं जुन्या हॉलिवूडचे सहा सिनेमे दाखवले. गर्दी चांगली झाली, पडद्यावरचं चित्रही स्वच्छ होतं. कार्यक्रमपत्रिका मी घरी आणून सावकाश वाचली. प्रत्येक सिनेमाखाली दिग्दर्शक, साल, लांबी, कलाकार आणि चार ओळींची ओळख. संकलक, म्हणजे एडिटर, कोण, हे सहापैकी एकाही सिनेमाखाली नव्हतं. त्यात १९३५ चा ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’ होता. त्याच्या ओळखीत दिग्दर्शक फ्रँक लॉइड यांचं कौतुक होतं, आणि ते मुख्यतः सिनेमाच्या गतीचं होतं. ते वाचल्यावर मला गप्प बसवेना. त्या सिनेमाची गती संकलनाच्या टेबलावर बसवली मार्गारेट बूथ यांनी. त्याच कामासाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं.

दोष मी त्या एका सोसायटीला देत नाही. अशा पत्रिका मीही वर्षानुवर्षं लिहिल्या आणि त्यांतही ती ओळ नसायची. खरं तर मला ती सुचायला हवी होती, कारण सोसायटीच्या कामात पडण्याआधी मी आठ वर्षं मुंबईत माहितीपटांच्या एडिटिंग रूममध्ये साहाय्यक होते. ओके टेक वेगळे काढणं, एनजी म्हणजे नापसंत टेक गुंडाळून ठेवणं, सिंक लावणं म्हणजे चित्राशी आवाज जुळवणं, बिनमध्ये, म्हणजे फिल्म अडकवायच्या पेटीत, लटकणाऱ्या तुकड्यांवर चिठ्ठ्या लावणं हे माझं काम. एका माहितीपटाचे संकलक मधेच आजारी पडले, तेव्हा शेवटची दोन रिळं मी जोडली. श्रेयनामावलीत माझं नाव आलं नाही. त्याचं दुःख आता उरलेलं नाही. पण नाव न येणं म्हणजे काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. येत्या वर्षात एक आठवडा मार्गारेट बूथ यांच्या नावानं करा. दिग्दर्शकाचं सिंहावलोकन करतो, नटाचं करतो, तसंच संकलकाचं. बूथच का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मार्गारेटचा जन्म १६ जानेवारी १८९८ चा, लॉस एंजेलिसमधला. थोरला भाऊ एल्मर रंगभूमीवरून सिनेमात आला होता आणि दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या कंपनीत नट होता. १९१२ चा ‘द मस्केटियर्स ऑफ पिग अ‍ॅली’ हा लघुपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रसास्वादाच्या वर्गात पाहिला असेल. त्यातला टोळीचा म्होरक्या, जो भिंतीच्या कडेकडेनं सरकत कॅमेऱ्याच्या इतका जवळ येतो की त्याच्या चेहऱ्यानं पडदा भरून जातो, तो एल्मर बूथ. क्लोजअपचा इतिहास शिकवताना आपण हा शॉट दाखवतो. त्या चेहऱ्याची धाकटी बहीण पुढे कोण झाली, हे मात्र कोणी सांगत नाही.

१९१५ च्या जूनमध्ये एल्मर ज्या मोटारीत बसला होता ती रेल्वेच्या मालवाघिणीवर आदळली. एल्मर गेला. मोटार चालवत होता टॉड ब्राउनिंग, पुढे भयपटांसाठी गाजलेला दिग्दर्शक. तो जबर जखमी झाला, पण वाचला. बूथांचं घर एल्मरच्या कमाईवर चालत होतं. अंत्यविधीच्या वेळी ग्रिफिथ त्याच्याबद्दल बोलला, आणि त्यानंतर त्यानं मार्गारेटला आपल्याकडे कामाला घेतलं. ती सतरा वर्षांची होती. कर्ता भाऊ गेलेल्या घरातली मुलगी कामाला लागते, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

काम होतं फिल्मचे तुकडे जोडण्याचं. असं काम करणाऱ्याला तिकडे ‘पॅचर’ म्हणत. पॅच म्हणजे ठिगळ. फिल्मच्या टोकावरचा लेप पात्यानं खरवडायचा, त्यावर फिल्म चिकटवायच्या सिमेंटचं बोट फिरवायचं, दुसरं टोक बरोबर भोकांवर भोकं येतील असं बसवून दाबून धरायचं. बारीक काम, डोळ्यांवर ताण आणि पगार बेताचा. शिवणटिपणाच्या जातीचं काम समजून ते मुलींना दिलं जायचं. सुरुवातीच्या हॉलिवूडमध्ये संकलनाच्या खोल्यांत इतक्या बायका दिसतात त्याचं हे एक कारण आहे.

पण त्या टेबलावर बसलेली मुलगी नुसती जोडत नसते. दिवसभर एकच प्रसंग हातातून पुढेमागे जात असतो. कुठे तोडल्यावर माणूस दारातून नीट आत येतो आणि कुठे तोडल्यावर ठेचकाळतो, ते बोटांना आधी कळतं. मूकपटांच्या त्या दिवसांत निगेटिव्हच्या, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्मच्या, कडेला आकडे नव्हते. पॉझिटिव्हवरचा, म्हणजे तिच्या छापील प्रतीवरचा, शॉट निगेटिव्हमध्ये शोधायचा तर चित्र उजेडापुढे धरून, नखाएवढ्या चौकटीत हात किती वर गेलाय, पापणी मिटलीय की उघडी आहे, हे डोळ्यांनीच जुळवायचं. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी. सलग दहा चौकटींत चेहरा जवळजवळ तसाच असतो. मी शिकले तेव्हा कडेला आकडे होते, स्टीनबेकसारखं संकलनाचं यंत्र-टेबल होतं, पडद्यावर मोठं चित्र दिसत होतं. तरीही हरवलेल्या चार चौकटींसाठी मी अख्खी रात्र बिन उपसली आहे. बूथबाईंच्या पिढीनं हे काम कशाच्या आधारावर केलं याचा अंदाज मला त्या रात्रीमुळे येतो.

(सतरा वर्षांची होती तोवर ‘ती’ म्हटलं. आता बूथबाईच म्हणते. कोणाला ‘बाई’ हा शब्द जुनाट वाटला तरी चालेल, आमच्या खोलीत ज्यांच्याकडून काम शिकायचं त्यांना बाईच म्हणायचे.)

पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं होतं की मूकपट कापताना त्या मनात आकडे मोजायच्या. सैनिकांचं संचलन असेल, ठेका असलेलं काहीही असेल, तर एक, दोन, तीन असं मोजत जायचं आणि ठरावीक आकड्यावर कोन बदलायचा. संगीत नाही, आवाज नाही, हाताशी यंत्र नाही, तर ठेका आपणच धरायचा. तबल्याच्या साथीला बसणाऱ्या कोणालाही हे लगेच समजेल. मात्रा डोक्यात चालू असतात, समेवर हात आपोआप पडतो.

ग्रिफिथकडून त्या लुई बी. मेयरच्या स्टुडिओत गेल्या. तेव्हा मेयर अजून स्वतंत्र निर्माता होता. तिथे जॉन स्टाल नावाचा दिग्दर्शक होता, एकेका प्रसंगाचे खूप टेक घेणारा. दिवसाचं काम संपल्यावर बूथबाई मागे थांबायच्या आणि स्टालनं बाजूला टाकलेले टेक घेऊन तोच प्रसंग आपल्या पद्धतीनं जोडून बघायच्या. सांगितलेलं काम नव्हतं, त्याचा पगारही नव्हता. एकदा स्टालला त्याचा स्वतःचा प्रसंग काही केल्या बसेना, तेव्हा त्यानं बाईंनी जोडलेला पाहिला आणि तोच सिनेमात घेतला. त्यांना साहाय्यक केलं. माझ्या मते त्यांची खरी शाळा हीच. टाकून दिलेल्या फिल्ममध्ये सिनेमा असतो, हे त्या रात्री उशिरापर्यंत थांबून शिकल्या.

१९२४ साली मेयरची कंपनी दोन कंपन्यांबरोबर एक होऊन मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, झाली आणि बूथबाई तिथे आल्या. तिथला निर्मितीप्रमुख आयर्व्हिंग थालबर्ग त्यांच्याहून वर्षभरानं लहान. थालबर्गची पद्धत अशी, की सिनेमा तयार झाला की तो गावाबाहेरच्या एखाद्या थिएटरात न सांगता दाखवायचा, लोक कुठे चुळबुळ करतात, कुठे हसू नये तिथे हसतात ते बघायचं, आणि परत येऊन पुन्हा चित्रण, पुन्हा कापाकापी. अशा ठिकाणी दिग्दर्शकापेक्षा संकलक जास्त वेळ बसतो. संकलकाला तेव्हा नुसतं ‘कटर’ म्हणत. ‘फिल्म एडिटर’ हा शब्द थालबर्गनं प्रथम बूथबाईंसाठी वापरला असं सांगतात. दिग्दर्शन कराल का, असंही त्यानं त्यांना विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं.

हा नकार मला फार महत्त्वाचा वाटतो. आपण सगळे धरून चालतो की संकलन ही दिग्दर्शनाकडे जाणारी पायरी आहे. सोसायटीत नव्या मुलांशी बोलताना मीही विचारत आले, ‘मग दिग्दर्शन कधी करणार?’ बूथबाईंना पायरी नको होती. त्यांना हवं ते काम त्या करतच होत्या.

त्या दहा-बारा वर्षांत त्यांच्या हातून काय काय गेलं पाहा. १९२८ चा नटी ग्रेटा गार्बोचा मूकपट ‘द मिस्टिरियस लेडी’. १९३४ चा ‘द बॅरेट्स ऑफ विंपोल स्ट्रीट’. १९३५ चा ‘म्युटिनी’. १९३६ चा ‘रोमिओ अँड ज्युलिएट’, आणि त्याच वर्षीचा ‘कमील’.

‘म्युटिनी’त जहाज बंदर सोडतं तो भाग पुन्हा पाहा. खलाशी दोरांवर चढतात, शिडं उलगडतात, धक्क्यावर निरोपाची गडबड. कथेच्या दृष्टीनं यात घडतंय एवढंच, की जहाज निघालं. पण वर चढणारे हात, ताणले जाणारे दोर आणि वाऱ्यानं भरणारं कापड यांच्या तुकड्यांचा ठेका असा बसलाय की आपणही जागचे हलतो. जिनं सैनिकांचं संचलन आकडे मोजत कापलं, तिचा हात तिथे दिसतो. त्या वर्षी या सिनेमाला आठ नामांकनं होती आणि मिळाला एकच पुरस्कार, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा. दिग्दर्शन नाही, पटकथा नाही, अभिनय नाही, संकलनही नाही. संकलनाचं ऑस्कर ‘अ मिडसमर नाइट्स ड्रीम’च्या राल्फ डॉसनकडे गेलं. हा पुरस्कारच मुळात आदल्या वर्षीपासून सुरू झाला होता. बूथबाईंना स्पर्धेतलं नामांकन मिळालं ते एवढंच.

‘कमील’ मात्र मला जास्त प्रिय. त्यात एक प्रसंग आहे. मार्गरिट म्हणजे गार्बो, आणि तिला पोसणारा बॅरन पियानोवर बसलेला. बाहेर तिचा प्रियकर दाराची घंटा वाजवतोय. बॅरनला ते कळलंय. तिला कळलंय की त्याला कळलंय. तो पियानो वाजवत राहतो, घंटा वाजत राहते, दोघं हसत राहतात, आणि ते हसू हळूहळू असह्य होत जातं. दिग्दर्शक जॉर्ज क्युकर, आणि नटांचं काम थोर आहेच. पण एखाद्या घाबरट माणसाच्या हातात हा प्रसंग पडला असता तर त्यानं दर दोन सेकंदांनी दाराकडे कट मारला असता, घंटेची दोरी दाखवली असती, खिडकी दाखवली असती. इथे त्या दोन चेहऱ्यांना वेळ दिलाय. कुठे कात्री लावायची नाही हे ठरवायला जास्त धीर लागतो. मी साहाय्यक असताना आमचे संकलक म्हणायचे, ‘हात मागे घे.’ त्या तीन शब्दांचा अर्थ मला ‘कमील’ पाहताना कळला. सिनेमा पूर्ण होण्याआधीच, १४ सप्टेंबर १९३६ ला, थालबर्ग सदतिसाव्या वर्षी वारला होता.

आता मुद्द्यावर येते. तुम्ही म्हणाल, संकलक दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून काम करतो, त्याचं वेगळं सिंहावलोकन कशाला? आजच्या काळाबद्दल हा वाद घालता येईल. पण १९३० च्या दशकातल्या एमजीएमबद्दल हे विधान इतिहासाला धरून नाही. तिथे दिग्दर्शक पगारी होता. चित्रण संपलं की त्याला पुढचा सिनेमा मिळे आणि तो दुसऱ्या सेटवर जाई. इकडे निर्माता आणि संकलक मिळून सिनेमा पूर्ण करत. पुन्हा चित्रण लागलं तर ते कधी कधी दुसऱ्याच दिग्दर्शकाकडे जाई. म्हणजे आपण ज्याला ‘अमक्याचा सिनेमा’ म्हणून दाखवतो त्याचं शेवटचं रूप त्या अमक्यानं ठरवलेलं असेलच असं नाही. दिग्दर्शकाच्या नावानं सिनेमे लावायची सवय आपण फ्रेंच समीक्षकांकडून घेतली आणि तिनं आपल्याला पुष्कळ दिलं. पण एमजीएमच्या तीस वर्षांचे सिनेमे एकसारखे झळझळीत, एकसारखे सफाईदार का दिसतात, याचं उत्तर त्या सवयीतून मिळत नाही. ते मिळवायचं तर त्या इमारतीत तीस वर्षं कायम राहिलेल्या माणसांकडे जायला हवं.

बूथबाई त्यांतल्या. १९३९ साली त्या एमजीएमच्या संकलन विभागाच्या प्रमुख झाल्या आणि १९६८ पर्यंत त्या जागेवर होत्या. स्टुडिओतल्या सगळ्या सिनेमांचे रशेस, म्हणजे चित्रणाचे न कापलेले तुकडे, त्या बघत. कुठे क्लोजअप कमी पडतोय, कुठे प्रसंग पुन्हा घ्यावा लागेल, हे त्यांच्या खोलीतून वर कळवलं जाई. मेयर गेला, त्याच्या जागी डोर शॅरी आला, तोही गेला, त्यानंतरचे साहेबही बदलले, बाई होत्या तिथेच. आणि या काळात पडद्यावर त्यांचं नाव जवळजवळ नाहीच. त्यांची चित्रपटसूची काढलीत तर १९३० च्या दशकात नावंच नावं आणि मग अचानक एक लांबच लांब मोकळी जागा. कोणाला वाटावं की बाईंनी काम सोडलं. प्रत्यक्षात त्या मोकळ्या जागेत शेकडो सिनेमे आहेत.

त्यांचं काम कसं चाले याची एक आठवण दिग्दर्शक सिडनी ल्युमेटनं लिहून ठेवली आहे. १९६५ चा ‘द हिल’ त्यानं इंग्लंडमध्ये पुरा केला. एमजीएमकडून बूथबाई लंडनला आल्या, सिनेमा पाहिला आणि म्हणाल्या, दोन तासांच्या आत आणा. दोन-तीन मिनिटं जादा होती. ल्युमेट अडून बसला, आता कुठे जागाच नाही म्हणाला. तेव्हा बाईंनी एकदाच पाहिलेल्या त्या सिनेमातला एकेक शॉट सांगायला सुरुवात केली, कुठे किती काढता येईल ते. ल्युमेट थक्क झाला. प्रत्येक जागेवर शॉट काढल्यानं काय बिघडेल ते तो सांगत गेला. शेवटी बाईंनीच हात मागे घेतला आणि सिनेमा होता तसा राहू दिला. तेव्हा त्या सदुसष्ट वर्षांच्या होत्या.

सगळं गोड गोड लिहिलं तर तुम्ही माझं ऐकू नये. ज्या खोलीतून मदत जाते त्याच खोलीतून हुकूमही जातो. १९५१ चा दिग्दर्शक जॉन ह्युस्टनचा ‘द रेड बॅज ऑफ करेज’ हे त्याचं उदाहरण. चाचणीच्या खेळांना प्रेक्षकांनी सिनेमा नाकारला. ह्युस्टन तोवर पुढच्या सिनेमासाठी आफ्रिकेत निघून गेला होता. स्टुडिओनं सिनेमा कापला, निवेदन घातलं, आणि उरला एकोणसत्तर मिनिटांचा. निर्णय वरिष्ठांचा होता, पण संकलन विभाग बाईंचा होता, आणि त्या कापाकापीत त्यांचा हात होता. ह्युस्टनचे चाहते याबद्दल स्टुडिओला अजून माफ करत नाहीत. मलाही तो उरलेला सिनेमा पाहताना चुकचुकायला होतं. लढाईतल्या पळपुट्या पोराच्या मनात आपण शिरतोय म्हणेपर्यंत निवेदनाचा आवाज येऊन सगळं समजावून सांगायला लागतो.

पण गोष्ट इथे संपत नाही, म्हणून मला ही बाई आवडते. १९६८ ला एमजीएम सोडल्यावर सत्तरीतल्या बूथबाई निर्माता रे स्टार्कच्या कंपनीत पर्यवेक्षक संकलक म्हणून गेल्या. १९७२ साली त्या कंपनीनं ‘फॅट सिटी’ केला. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन गावचे हरलेले मुष्टियोद्धे, दारूचे गुत्ते, पहाटे शेतमजुरीला जाणाऱ्या गाड्या. दिग्दर्शक जॉन ह्युस्टन. एकवीस वर्षांनी दोघं पुन्हा एका सिनेमावर, आणि हा सिनेमा ह्युस्टनच्या उत्तम कामांत मोजला जातो. त्यातले लांबलेले, कोणालाच घाई नसलेले प्रसंग पाहा. ज्या स्टुडिओनं सफाई आणि झगमगाट शिकवला तिथे आयुष्य गेलेली बाई इथे वेगळ्याच तऱ्हेच्या सिनेमाला जागा देते. दहा वर्षांनी ‘अ‍ॅनी’वरही ती दोघं होती. तेव्हा बाई चौऱ्याऐंशीच्या. पडद्यावर त्यांचं नाव १९८५ पर्यंत येत राहिलं. १९१५ ते १९८५, सत्तर वर्षं.

एक गोष्ट मधेच राहिली. टॉड ब्राउनिंग, ज्याच्या मोटारीत एल्मर गेला, तो १९२५ पासून पुढची बरीच वर्षं एमजीएममध्येच दिग्दर्शक होता. त्याच स्टुडिओत बूथबाई काम करत होत्या. याबद्दल मला अधिक लिहवत नाही. तुम्ही आठवडा कराल तेव्हा पहिल्या दिवशी एल्मरचा तो लघुपट दाखवा, एवढंच.

१९७८ च्या एप्रिलमध्ये ऑस्करच्या पन्नासाव्या सोहळ्यात त्यांना मानद पुरस्कार मिळाला. वय ऐंशी. संकलनकलेतल्या असामान्य योगदानाबद्दल, असं त्यावर म्हटलं होतं. २००२ साली, एकशे चार वर्षांच्या होऊन, त्या लॉस एंजेलिसलाच वारल्या. आणि ज्या संस्थेनं हा मान दिला तिनंच २०२२ साली संकलनासह आठ पुरस्कार थेट प्रक्षेपणाच्या आधी उरकले आणि त्यांचं चित्रण कापून नंतर कार्यक्रमात जोडलं. जगभरच्या संकलकांनी विरोध केला. पुढच्या वर्षी सगळे पुरस्कार पुन्हा थेट प्रक्षेपणात आले. त्या बातमीनं मी अस्वस्थ झाले होते, आणि मग आपल्या पत्रिका डोळ्यांसमोर आल्या. आपण तर काही कापलंही नव्हतं, मुळात लिहिलंच नव्हतं.

बूथबाई एकट्या नव्हत्या. दिग्दर्शक सेसिल बी. डीमिलचे सिनेमे १९१८ पासून १९५६ च्या ‘टेन कमांडमेंट्स’पर्यंत अ‍ॅन बॉकन्स कापत होत्या. संकलनाचं ऑस्कर घेणारी पहिली स्त्री त्याच. फॉक्स स्टुडिओत बार्बरा मॅकलीन होत्या, सात नामांकनं आणि ‘विल्सन’साठी पुरस्कार. जॉन फोर्डचा ‘स्टेजकोच’ कापणाऱ्यांत डोरोथी स्पेन्सर होत्या. आपल्याकडचं बोलायचं तर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या रेणू सलुजांना ‘परिंदा’, ‘धारावी’, ‘सरदार’ आणि ‘गॉडमदर’ या चार सिनेमांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या २००० साली गेल्या. त्यांच्या नावानं लावलेला सिनेमांचा आठवडा मला तरी आमच्या भागात कधी पाहायला मिळाला नाही. बूथबाईंचा आठवडा झाला तर दुसरा त्यांचा असावा.

कार्यक्रम मी असा सुचवते. पहिल्या दिवशी ‘मस्केटियर्स ऑफ पिग अ‍ॅली’, सतरा-अठरा मिनिटांचा, आणि त्याला जोडून ‘द मिस्टिरियस लेडी’. दुसऱ्या दिवशी ‘म्युटिनी’. तिसऱ्या दिवशी ‘कमील’, आणि त्यानंतर चर्चा, कारण पियानोच्या प्रसंगावर लोकांना बोलायचं असेल. चौथ्या दिवशी ‘रेड बॅज’, छोटा आहे, वेळ उरेल, त्या वेळात स्टुडिओत सिनेमा कसा पुरा होत असे हे कोणीतरी नीट समजावून सांगावं. पाचव्या दिवशी ‘द हिल’, शेवटी ‘फॅट सिटी’. सहा संध्याकाळी, एल्मरचा लघुपट सोडला तर पाच वेगळे दिग्दर्शक, एक माणूस. सलग पाहिलेत तर तुम्हाला तिचा हात ओळखू यायला लागेल की नाही, हे मी आत्ताच छातीठोक सांगत नाही. मला तेच बघायचंय. सभासदांनाही ते शोधायला द्या.

पत्रिकेत प्रत्येक सिनेमाखाली ‘संकलन’ ही ओळ घाला. ‘रेड बॅज’च्या खाली कापलेल्या लांबीचा उल्लेख करा. ‘द हिल’ आणि ‘फॅट सिटी’ यांच्या खाली बूथबाईंच्या बरोबरीनं प्रत्यक्ष टेबलावर बसलेल्या संकलकांचीही नावं द्या. एकाचं नाव लिहिताना दुसऱ्याचं पुसायला नको. हे लिहायला कागदाची एक ओळ जास्त लागते.

माझ्याकडे फिल्म जोडायचा जुना स्प्लायसर आहे आणि पस्तीस मिलिमीटरची वीसेक फूट टाकाऊ फिल्म. तिसऱ्या दिवशी चर्चेआधी अर्धा तास मला द्या. टेबल आणि चांगला दिवा पुरे. ज्यांना हवं त्यांनी स्वतः एक सांधा जोडून बघावा, फिल्म उजेडापुढे धरून सोळा चौकटींत हात कधी हलला ते शोधावं. प्रवासखर्च नको, मानधन तर नकोच.

जानेवारीत महोत्सवांची दाटी असते याची मला कल्पना आहे. तरी १६ तारखेला बाईंचा जन्मदिवस येतो. त्या आठवड्यात सभागृह मोकळं आहे का, तेवढं पाहून ठेवा.

आपली,
एक जुनी सभासद आणि त्याआधीची संकलन साहाय्यक,
सांगली